‘तज्ज्ञांची मदत घ्या’ म्हणजे नेमकी कोणाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नैराश्य, चिंता, निद्रानाश, ताण यांपैकी कशावरही लेख छापून आला की शेवटचे वाक्य ठरलेले असते: ‘गरज भासल्यास तज्ज्ञांची मदत घ्यावी.’ ज्याला खरोखर गरज भासते, त्याच्या हाती या वाक्यातून काहीच पडत नाही. कोणता तज्ज्ञ? त्याला पहिल्यांदा फोन केल्यावर बोलायचे काय? फरक किती दिवसांत दिसायला हवा, आणि नाही दिसला तर दोष उपचाराचा, तज्ज्ञाचा की आपला? गुडघा दुखला तर कुठे जायचे हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि एका डॉक्टरकडे गुण आला नाही तर माणूस दुसरा गाठतो. मनाच्या दुखण्यात मात्र पहिला प्रयत्न फसला की ‘करून पाहिले, काही उपयोग नाही’ म्हणत बरेच जण कायमचे घरी बसतात. या क्षेत्रात रोज काम करणारे आम्ही काही जण आहोत. आमचे सांगणे असे की थेरपिस्ट निवडताना नाव, ख्याती, ओळखीच्यांची शिफारस यांपेक्षा मोजके नेमके प्रश्न जास्त उपयोगी पडतात. आणि निवड पहिल्या भेटीत संपत नाही, चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत ती चालूच असते.

आधी पाट्यांविषयी, कारण वृत्तपत्रेही इथे सर्रास गोंधळ घालतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी वैद्यकीय पदवी आणि मग मनोविकारशास्त्राचे विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषधे लिहून देतो, रक्ताच्या तपासण्या सांगतो, वेळ पडली तर रुग्णालयात दाखल करून घेतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे शिक्षण मानसशास्त्रातले असते, त्याच्या जोडीला रुग्णांसोबतचे देखरेखीखालचे प्रशिक्षण असते. चाचण्या, निदान आणि थेरपी हे त्याचे काम, औषधे बहुतेक ठिकाणी तो देऊ शकत नाही. समुपदेशकाकडे मुख्यतः नातेसंबंध, शोक, नोकरी, अभ्यास असे प्रश्न जातात. समुपदेशकांच्या शिक्षणात मात्र फार तफावत असते. कोणी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतलेली असते, तर कोणी काही आठवड्यांचा वर्ग केलेला असतो. मानसोपचार विभागातले सामाजिक कार्यकर्ते कुटुंब, काम आणि पुनर्वसन या बाजू सांभाळतात. दीर्घ आजारात त्यांची मदत फार मोलाची असते, पण लेखांमध्ये त्यांचा उल्लेखही नसतो.

‘थेरपिस्ट’ ही पदवी नाही. ते कामाचे नाव आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते नाव दारावर लावायला कोणी अडवत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा: तुमची मूळ पदवी कोणती, नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे आणि नोंदणी क्रमांक काय? बहुतेक नोंदणी परिषदांची यादी सार्वजनिक असते, ती ताडून पाहता येते. रीतसर शिकलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याचे उत्तर मिळालेच म्हणायचे.

पहिल्यांदा डॉक्टरकडे जायचे की थेरपिस्टकडे, हा पुढचा घोळ. सौम्य आणि मध्यम नैराश्यात, तसेच चिंतेच्या बहुतेक विकारांत, सुरुवात कुठूनही केली तरी चालते, कारण अशा वेळी चांगली थेरपी आणि औषधे यांचा परिणाम साधारण सारखाच असतो. तीव्र नैराश्यात दोन्ही एकत्र दिलेली बरी. काही लक्षणे मात्र अशी असतात, की आधी डॉक्टरच हवा: इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणे, कोणीतरी मागावर आहे अशी पक्की खात्री, तीन-तीन रात्री झोप नसताना थकवा नाही, उलट जोर चढलेला आणि पैसे भराभर उडवणे, खाणेपिणे जवळजवळ बंद, बाळंतपणानंतरच्या दिवसांत बोलण्यावागण्यात एकाएकी फरक. वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागला, दिवस-रात्र विसरला, तर ते बहुधा मनाचे दुखणे नसते. संसर्ग, क्षारांचे कमी-जास्त होणे किंवा एखादे औषध त्यामागे असू शकते. त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

शरीर मनाची सोंगे फार हुबेहूब घेते. थायरॉईड मंदावले तर नैराश्यासारखे दिसते, वाढले तर धडधड, थरथर, घाम अशी थेट चिंतेसारखी लक्षणे येतात. हिमोग्लोबिन किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी असले तरी माणूस निरुत्साही होतो. स्टेरॉइडमुळे मूड वर-खाली होतो. म्हणून आधी साधी रक्ततपासणी करून घ्यावी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, अगदी सर्दीच्या गोळ्यांचीही, सोबत न्यावीत. थेरपीला सहा महिने झाल्यावर थायरॉईडचा दोष सापडतो, तेव्हा त्या सहा महिन्यांत रुग्णाने स्वतःला दिलेला दोष कोणी परत घेऊ शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘थेरपी’ ही एक वस्तू नाही. सगळ्या पद्धती सगळ्या दुखण्यांवर सारख्या चालत नाहीत, आणि चुकीची पद्धत नुसती निरुपयोगी असते असेही नाही, ती दुखणे वाढवू शकते. एकच उदाहरण जवळून बघू: ओसीडी, म्हणजे ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात तो.

कुलूप लागले की नाही ही शंका येते. माणूस परत जाऊन ओढून बघतो, दोन मिनिटे बरे वाटते, शंका पुन्हा येते. बघण्याने शंका मिटत नाही, पोसली जाते. कारण दर वेळी मेंदू एवढेच शिकतो की परत जाऊन बघितले म्हणून वाचलो. यावर सर्वांत भक्कम पुरावा असलेली मानसोपचाराची पद्धत म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. १९६६ साली मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी मांडलेल्या कामातून ती पुढे आली. तिच्यात बोलणे कमी आणि करणे जास्त. आधी भीतीची उतरंड लिहून काढतात, प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० पैकी आकडा देऊन: कुलूप लावून एकदाच ओढायचे आणि निघायचे, ४०, एकदाही न ओढता निघायचे, ६०, न ओढता निघून रात्र बाहेर काढायची, ९०. सुरुवात ४० पासून. थेरपिस्ट सोबत उभा असतो. एकदा ओढून झाले की दोघे चालू लागतात. दर पाच मिनिटांनी आकडा विचारला जातो. ४० चे ६५ होतात. परत जायची ओढ शिगेला पोहोचते, आणि जायचे नसते. अस्वस्थता घालवण्यासाठी कसलीही युक्ती करायची नाही, दीर्घ श्वासही नाही, कारण तोसुद्धा लवकरच नवा विधी होऊन बसतो. आकडा त्या दिवशी खाली येईल किंवा येणार नाही. शिकायचे ते हे, की एवढी अस्वस्थता अंगावर घेऊनही परत न जाता राहता येते, आणि ज्याची भीती होती ते घडले नाही. मग हेच घरी रोज.

आता याच रुग्णाशी चुकीच्या ठिकाणी काय होते ते पाहा. मायाळू थेरपिस्ट सांगतो, ‘अहो, लागलंय कुलूप, काळजी करू नका.’ हा धीर म्हणजे पुन्हा एकदा कुलूप ओढून बघणेच, फक्त दुसऱ्याच्या तोंडून. दुसरा एखादा चोरीची शक्यता किती टक्के यावर तासभर तर्क लढवतो. रुग्णाची शंका तर्कात हरत नाही, ती उद्या नवा मुद्दा घेऊन येते. तिसरा मनगटाला रबर बँड बांधून, विचार आला की तो ओढून सोडायला सांगतो. दाबलेला विचार जास्त उसळतो हे ठाऊक असूनही हा उपाय अजून सुचवला जातो, याचे आम्हाला नवल वाटते. चौथा दोन वर्षे बालपण उकरतो. चौघेही वाईट माणसे नाहीत, चौघांशीही रुग्णाचे छान जमते, आणि कुलूप ओढणे दहावरून तीसवर जाते. घरचेही दर वेळी ‘हो, लागलंय’ असे उत्तर देत असतात, म्हणून ईआरपी जाणणारा थेरपिस्ट लवकरच घरच्यांना एका सत्राला बोलावतो आणि उत्तर देणे टप्प्याटप्प्याने कसे थांबवायचे ते ठरवून घेतो. तेव्हा ओसीडीसाठी फोनवर विचारायचा प्रश्न सरळ आहे: तुम्ही ईआरपी करता का, आणि सत्रात माझ्यासोबत सराव करता की फक्त बोलता?

इतर दुखण्यांबद्दल थोडक्यात. पॅनिकमध्ये, म्हणजे अचानक छातीत धडधड होऊन ‘आता मी मरतो’ असे वाटण्यात, चांगली सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) करणारा थेरपिस्ट मुद्दाम खुर्चीत गरगर फिरायला लावतो, अरुंद नळीतून श्वास घ्यायला लावतो, म्हणजे तीच संवेदना मरण न आणता येते-जाते हे शरीराला कळते. अर्थात त्याआधी हृदय आणि फुप्फुसांची बाजू डॉक्टरकडून तपासून घेतलेली हवी. उंची, इंजेक्शन, कुत्रा अशा एकाच गोष्टीच्या भीतीवर लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तीन तासांपर्यंतच्या एकाच सत्राचा उपचार तयार केला. अशा भीतीसाठी वर्षभराचे पॅकेज विकणाऱ्याला त्याचे कारण विचारावे. दीर्घ निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नसून निद्रानाशासाठीची सीबीटी आहे. ती साधारण चार ते आठ सत्रांची असते आणि तिच्यात झोपेची नोंदवही भरावी लागते. मात्र तिच्यात अंथरुणातला वेळ काही काळ कमी करतात, आणि बायपोलर विकार (कधी खोल खिन्नता, तर कधी अति उत्साहाचा उन्माद) असलेल्याला जागरणाने उन्माद येऊ शकतो, म्हणून तो इतिहास आधी सांगायचा. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी घडवलेल्या डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपीमध्ये, म्हणजे डीबीटीमध्ये, दर आठवड्याचे वैयक्तिक सत्र, कौशल्यांचा गट, अडीअडचणीला फोनवर मार्गदर्शन आणि थेरपिस्टांची आपसातली बैठक असे चार भाग असतात. नुसती कौशल्यांची पाने वाटणे म्हणजे पूर्ण डीबीटी नव्हे. अपघात किंवा हल्ल्यानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे सविस्तर सांगायला लावण्याची एक पद्धत होती. ती पुढचा आघातविकार (आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा पीटीएसडी) रोखत नाही, काहींचे तिने नुकसान झाल्याचेही दिसले. आणि घरात मारहाण चालू असेल तर जोडप्याचे एकत्र समुपदेशन टाळावे, कारण सत्रात खरे बोलल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते.

ही सगळी नावे पाठ करण्याची गरज नाही. ‘माझ्यासारख्या त्रासासाठी तुम्ही नेमके काय करता?’ एवढे विचारले तरी पुरते. ‘मी सगळ्या पद्धतींचा मेळ घालतो’ असे उत्तर आले तर लगेच पुढचा प्रश्न: मग माझी पहिली चार सत्रे कशी जातील? ज्याला काम येते तो इथे ठोस बोलतो: पहिली दोन समजून घेण्यात, मग ध्येय ठरवणे, घरी करायचा सराव, सहाव्याला आढावा. ज्याला येत नाही तो पुन्हा ‘मेळ’ या शब्दावर येतो.

पहिला फोन अनेकांना सत्रापेक्षा अवघड वाटतो, म्हणून वाक्य लिहूनच ठेवावे. ‘तीन महिन्यांपासून झोप लागत नाही आणि कामावर जायची भीती वाटते. तुम्ही अशा तक्रारी पाहता का? पहिली वेळ कधी मिळेल? सत्र किती मिनिटांचे, शुल्क किती, आणि ऐनवेळी रद्द केले तर काय?’ एवढे दोन मिनिटांत होते. फोनवर सगळी कहाणी सांगू नये. उचलणारा बहुधा थेरपिस्ट नसतो, आणि सांगून झाल्यावर आलेल्या थकव्याने माणूस भेटीलाच जात नाही.

सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचे असते. पहिल्या भेटीला एक पान लिहून न्यावे: त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, पूर्वी कोणते उपचार घेतले, कोणते औषध किती मात्रेत किती आठवडे घेतले, घराण्यात कोणाला असा आजार होता का, दारू-तंबाखू किती. शेवटची गोष्ट लोक निम्म्याने कमी करून सांगतात. हे डॉक्टरांनाही माहीत असते, पण अंदाजावर औषधाची मात्रा ठरवणे धोक्याचे आहे. आत्महत्येचे विचार येतात का, हे थेरपिस्टने पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत विचारले पाहिजे. विचारल्याने असे विचार डोक्यात घुसत नाहीत. न विचारणाराच काळजीचा विषय आहे. गोपनीयता कुठे संपते हेही त्याने आपणहून सांगायला हवे: जिवाला धोका, दुसऱ्याला धोका, लहान मुलावर अत्याचार, न्यायालयाचा आदेश. किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी असेल तर पालकांना काय सांगणार आणि काय नाही, हे तिघांच्या समोर पहिल्याच दिवशी ठरवावे. नंतर ठरवायला गेले की मूल बोलायचे थांबते.

‘माझे त्यांच्याशी जमले’ म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: आपुलकी आणि विश्वास, ध्येयावर एकमत, आणि त्यासाठी काय करायचे यावर एकमत. लोक पहिल्या भागावर निवड करतात आणि उरलेले दोन विसरतात. मग दर आठवड्याला मन हलके होते, बाहेर पडताना बरे वाटते, आणि वर्षाने आयुष्य तिथेच असते. उलट काही सत्रांनंतर अस्वस्थ वाटणे चांगले लक्षणही असू शकते. फरक ओळखायची सोपी खूण अशी: हे अस्वस्थ करणारे काम आपण कशासाठी करतो आहोत, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येते का? येत असेल तर टिकून राहावे. येत नसेल तर पुढच्या सत्रात तेच विचारावे.

आणि मोजावे. ताप आला तर आपण तापमापक लावतो, इथे मात्र सगळे ‘जरा बरे वाटतेय’वर चालते. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती वापरायला मोफत आहे आणि अनेक भाषांत मिळते. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न: कशात रस वाटत नाही का, खिन्न वाटते का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणे, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे किंवा फार अस्वस्थ होणे, आणि नववा, मेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे वाटते का. प्रत्येकाला अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज जास्तीत जास्त २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, विसापासून तीव्र. चिंतेसाठी अशीच सात प्रश्नांची जीएडी-७ आहे, बेरीज २१ पर्यंत.

ती भरायची दर दोन आठवड्यांनी, सत्राच्या आधी. सत्रानंतर भरली तर हलक्या झालेल्या मनाने आकडा खोटा उतरतो. एखाद-दुसरा गुण इकडेतिकडे झाला तर त्याला काही अर्थ नाही. पाच गुणांची घट ही खरी घट, सुरुवातीच्या निम्म्यावर आला म्हणजे उपचार लागू पडला, पाचाच्या खाली गेला म्हणजे नैराश्य जवळपास उतरले. नुसती बेरीज बघू नये. १८ चे १२ झाले, पण झोपेचा आकडा ३ वरच अडकलेला असेल, तर पुढचा महिना झोपेवर घालवायला हवा, आणि हे कागद समोर असल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. दोन चुका सर्रास होतात. एक, आकड्यालाच निदान समजणे. रक्तक्षय किंवा नुकताच झालेला शोक यांतही १४ येऊ शकतात. दुसरी, बेरीज कमी आहे म्हणून नववा प्रश्न दुर्लक्षित करणे. बेरीज ६ असली तरी नवव्याचे उत्तर शून्य नसेल, तर ते त्याच दिवशी सांगायचे.

मोजायचे किती दिवस? १९८६ मध्ये मानसोपचाराचे संशोधक केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा आठ सत्रांपर्यंत सुमारे ५० टक्के आणि २६ सत्रांपर्यंत सुमारे ७५ टक्के रुग्णांत मोजता येईल असा फरक दिसला. म्हणजे दोन सत्रांत सोडणे घाईचे, आणि काहीही न हलता वर्षभर जात राहणे म्हणजे सवय. सहाव्या ते आठव्या सत्राला उघड आढावा घ्यावा. आकडा तसाच असेल तर थेरपिस्टला सांगावे, ‘मला फरक वाटत नाही. आपण काय बदलू शकतो?’ निदान चुकले असेल, घरचा सराव होत नसेल, आठवड्याऐवजी पंधरवड्याने भेटणे अपुरे पडत असेल, औषधाची जोड हवी असेल. थेरपीत असताना शंभरातल्या पाच-दहा जणांची प्रकृती खालावते, आणि ती खालावते आहे हे थेरपिस्टच्या नजरेतून बऱ्याचदा सुटते. म्हणूनच आकड्यांचा आग्रह. बदल करूनही काही हलले नाही तर दुसरा थेरपिस्ट शोधावा, मात्र गुपचूप गायब होऊ नये. शेवटच्या सत्रात लेखी सारांश मागून घ्यावा: निदान, वापरलेली पद्धत, सत्रांची संख्या, काय लागू पडले आणि काय नाही. पुढच्याचे दोन महिने वाचतात.

औषधांबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत, पण उपचार फसतात ते बहुतेक एकाच ठिकाणी. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण यायला सहापर्यंत लागतात. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी हे दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे सुरुवातीला रुग्णाच्या वाट्याला फक्त त्रासच येतो, आणि दहाव्या दिवशी तो गोळी बंद करतो. हे वेळापत्रक आधी सांगितले असते तर बरेच जण टिकले असते. ओसीडीमध्ये तर दहा-बारा आठवडे थांबावे लागते. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर पहिल्या काही आठवड्यांत बारीक लक्ष हवे, कारण काहींमध्ये या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवतात. थांबवताना मात्रा हळूहळू उतरवतात. एकदम सोडले की चक्कर, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, चिडचिड सुरू होते, आणि लोकांना वाटते, ‘बघा, सवय लागली.’ खरी सवय लागण्याची भीती असते ती झोपेच्या आणि चिंतेच्या बेंझोडायझेपाइन गटातल्या गोळ्यांची. त्या सहसा दोन ते चार आठवड्यांपलीकडे चालू ठेवू नयेत. गंमत अशी की लोक याच गोळ्या जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे घेतात आणि नैराश्याच्या गोळीला घाबरतात.

उठून निघून यावे अशी काही ठिकाणे असतात. बरे होण्याची हमी देणारा. तुमच्या डॉक्टरला न विचारता औषध बंद करायला सांगणारा. दुसऱ्या रुग्णाची ओळख पटेल असे किस्से सांगणारा. स्वतःचे दुःख सत्रात मांडणारा. तुमच्याशी व्यवसाय, उधार-उसनवार किंवा मैत्री जोडू पाहणारा. शारीरिक जवळीक तर कोणत्याही कारणाने, कोणत्याही ‘पद्धती’च्या नावाखाली चालत नाही, रुग्णाची संमती असली तरी नाही. तक्रार त्या व्यक्तीच्या नोंदणी परिषदेकडे करता येते. नोंदणी क्रमांक आधीच विचारून ठेवण्याचे आणखी एक कारण हे.

व्हिडिओवरच्या सत्रांचा चिंता आणि नैराश्यात चांगला उपयोग होतो. अट इतकीच की दार बंद होणारी खोली आणि कानात इयरफोन हवेत, आणि थेरपिस्टने सुरुवातीलाच तुम्ही नेमके कुठे बसला आहात व अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, हे लिहून घेतलेले हवे. ते न विचारता सुरू करणाऱ्याला तुम्ही संकटात असताना मदत कुठे पाठवायची हेच कळणार नाही. मरणाचा बेत ठरला असेल, साधन हाताशी असेल, तर ‘पुढच्या मंगळवारची वेळ’ हा उपाय नाही. अशा माणसाला एकटे ठेवू नये, गोळ्या, कीटकनाशक, दोर, हत्यार त्याच्या आवाक्यातून हलवावे आणि सरळ रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

आमच्या आपल्याकडे दोनच मागण्या आहेत. ‘तज्ज्ञांची मदत घ्यावी’ या ओळीच्या जागी, जितक्या जागेत ती ओळ बसते त्याच्या तिप्पट जागेत, एवढे छापावे: पदवी आणि नोंदणी विचारा, तुमच्या त्रासासाठी नेमकी कोणती पद्धत वापरणार ते विचारा, सहाव्या सत्राला आढावा मागा. आणि ज्या कोणाच्या नावामागे आपण ‘मानसोपचारतज्ज्ञ’ असे छापता, त्यांची पदवी छापण्यापूर्वी एकदा त्यांनाच विचारून घ्यावी.

कळावे,
आपले,
मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही वाचक